पुढे कोण उभे राहणार?

वाचकहो, गेल्या उन्हाळ्यात आम्ही चार दिवस सुलतानपूरला बहिणीकडे मुक्कामाला होतो. मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, लोणार तालुक्यातले हे गाव. दुपारची वेळ. बाहेर ऊन रणरणत होते. आम्ही जेवून जरा आडवे झालो होतो, तोच ओसरीवर भाचा आणि भाची यांचे भांडण जुंपले.

"टँक कोण होणार ते आधी ठरव. टँक नाही तर आत जाताच येत नाही," भाचा म्हणत होता.

आतून ताई ओरडली, "अरे, टँकर उद्या सकाळी येनार हाय. आत्ता कशाले भांडता?"

पोरे पोट धरून हसली. आम्हीही उठून बसलो. झोप तर गेलीच होती. म्हटले, हे टँक काय प्रकरण आहे ते समजून घ्यावे. समजून घेता घेता संध्याकाळ झाली आणि आमच्या लक्षात आले की हा विषय आपल्या घराघरांत बोलण्यासारखा आहे. आपली मुले हल्ली मोबाइलवर, कॉम्प्युटरवर काय खेळतात हे आपल्याला ठाऊक नसते. आपण फक्त "बंद कर ते" एवढेच म्हणतो.

भाचा छत्रपती संभाजीनगरला पॉलिटेक्निकला शिकतो. भाची अकरावीत आहे. भाऊजी गवंडीकाम करतात. भाच्याने सुट्टीत दोन-तीन महिने एका दुकानात काम करून जुना कॉम्प्युटर घेतला, आणि त्याच्या आधीचा जुना लॅपटॉप बहिणीला दिला. दोघांनी मिळून आणि भाच्याचे तीन मित्र घेऊन पाच जणांनी एक खेळ खेळायचा, असे ठरले होते. भांडण त्यावरून होते.

खेळाचे नाव वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीने तो नोव्हेंबर २००४ मध्ये आणला. म्हणजे आमची भाची जन्मायच्याही आधीचा हा खेळ, आणि अजून चालू आहे. आपण नाटक बसवताना जशी पात्रे वाटून घेतो, तसे यात प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे. जगभरातली माणसे एकाच वेळी आपापली पात्रे घेऊन त्या जगात वावरत असतात. त्यात गुहा आहेत, खाणी आहेत, किल्ले आहेत. आत राक्षस असतात. एकट्याने जाऊन भागत नाही. पाच जणांची टोळी लागते.

या पाच जणांत काम वाटलेले असते. तिघे राक्षसाला मारतात. एक जण जखमा भरतो, त्याला हीलर म्हणतात. आणि एक जण सर्वांच्या पुढे उभा राहून मार खातो. तो टँक. नाव रणगाड्यावरून पडले. पाण्याच्या टाकीशी संबंध नाही. राक्षस ज्याच्यावर जास्त चिडतो त्याच्या अंगावर धावतो. टँकने त्याला सतत आपल्यावरच चिडवत ठेवायचे, म्हणजे मागचे चौघे सुखरूप राहतात. कबड्डीत चढाई करणारा आत शिरला की कुणीतरी पहिल्यांदा त्याच्या पायावर झेप घेतो, त्याला लाथ बसणार हे ठरलेलेच असते. तो गडी म्हणजे टँक, असे समजा.

आता गंमत अशी की हे काम कुणालाच नको असते. मारणारे रांगेने उभे, टँकचा पत्ता नाही. कारण मार खाण्याचे दुःख तेवढे मोठे नाही. तो खेळातला मार. खरे दुःख दोषाचे आहे. वाट टँकने दाखवायची, वेग टँकने ठरवायचा, आणि टोळी मेली की "टँकला काही येत नाही" असे चारही जण म्हणणार. अनोळखी माणसांच्या टोळीत तर शिव्याही पडतात. हा तुटवडा इतका की २०११ साली कंपनीने, ज्या कामाला माणसे कमी पडतील त्या कामाला जो उभा राहील त्याला जादा बक्षीस देण्याची सोय केली. ते काम बहुतेक वेळा टँकचेच असे. वाचकहो, हे ऐकून आम्हाला आपली मंडळे आठवली. मिरवणुकीत नाचायला शंभर, आणि परवानगीच्या अर्जावर सही करायला एकही नाही!

एवढ्यात भाऊजी कामावरून आले. पाय धुऊन बसले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बापाचा प्रश्न होता. "याच्यात पैसे जातात का?"

प्रश्न रास्त आहे. मोबाइलवर पत्ते आणि पैज खेळून घरे बसलेली आपण पाहिली आहेत. अशा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. भाच्याचा हा खेळ त्यातला नाही. यात जिंकले म्हणून पैसे मिळत नाहीत आणि हरले म्हणून जात नाहीत. पात्र विसाव्या पायरीपर्यंत नेईपर्यंत खेळ फुकट आहे. त्यापुढे दरमहा वर्गणी पडते. भाचा आपल्या कमाईतून वर्गणी भरतो, भाची फुकटात विसाव्या पायरीपर्यंतच खेळणार, असे ठरले. भाऊजींनी मान हलवली. पण पालकांनी एक ध्यानात ठेवावे: कोणत्याही खेळाला बापाचे बँक खाते किंवा मोबाइलचे पैशाचे ॲप जोडून ठेवू नये. वर्गणी भरायची तर मोठ्या माणसाने समोर बसून भरावी.

आता मूळ प्रश्न. टँक म्हणजे एकच पात्र नव्हे. टँकचे काम करू शकणारे सहा वर्ग या खेळात आहेत. पहिल्यापासूनचे तीन, पुढे २००८, २०१२ आणि २०१६ साली एकेकाची भर पडली. निवड करायची ती या सहांतून. भाच्याने एकेक समजावून सांगितला आणि आम्ही ऐकत गेलो. जसजसे ऐकले तसतसे वाटले, संकट सोसायच्या याच तर सहा तऱ्हा आपण आयुष्यभर पाहत आलो.

पहिला वॉरिअर, म्हणजे लढवय्या. हातात ढाल. त्याचे सगळे कसब ढाल वेळेवर पुढे करण्यात. मार बसला की त्याचा संताप वाढतो आणि तो संतापच त्याची शक्ती. त्यातूनच तो पुढचा बचाव करतो. जादू नाही, मंत्र नाही. शिकायला सरळ.

दुसरा पॅलाडिन. यालाही ढाल आहे, पण याचे लक्ष दुसऱ्यांवर. सोबत्याला बसणाऱ्या माराचा काही वाटा तो स्वतःवर ओढून घेऊ शकतो. कुणी मरायला टेकला तर एकदा हात ठेवून त्याला पुरता बरा करू शकतो. मात्र ते पुन्हा करायला बराच वेळ थांबावे लागते. प्रत्येक घरात असा एक जण असतो.

तिसरा ड्रुइड. हा अस्वलाचे रूप घेतो. ढाल नाही, तलवार नाही. जाड कातडी आणि दांडगे शरीर. घाव चुकवत नाही, अंगावर घेतो आणि उभा राहतो.

चौथा डेथ नाइट, २००८ चा. यालाही ढाल नाही. आधी मार खातो आणि मग एका वाराने, गेल्या पाच सेकंदांत जेवढे सोसले त्या हिशेबाने आपली ताकद परत मिळवतो. वसुली वेळेवर केली तर जगतो, उशीर केला तर मेला.

पाचवा मंक, २०१२ चा. मंक म्हणजे भिक्खू, म्हणून ताई कौतुकाने पुढे सरकली. पण टँक होणाऱ्या या मंकजवळ दारूचे पिंप असते! ताईने कपाळाला हात लावला. "हे कायचे भिक्खू?" आम्ही तिला सांगितले, आपल्या भंतेजींशी याचा काही संबंध नाही, चिनी कुंफूच्या गोष्टींवरून रचलेले हे सोंग आहे. त्याची युक्ती मात्र ऐकण्यासारखी आहे. त्याला बसलेला मार एकदम लागत नाही. थोडा आत्ता, बाकीचा पुढे हप्त्याहप्त्याने लागतो. हप्ते फार साचले की एक घोट घेऊन तो काही कर्ज उडवून टाकतो. भाऊजी हसून म्हणाले, "हे तर आपलंच हाय. फक्त आपल्याले तो घोट सापडला नाही."

सहावा डेमन हंटर, २०१६ चा. चपळ. उड्या मारत, जागा बदलत लढतो. एका जागी उभे राहायचा ज्याला कंटाळा, त्याने हा घ्यावा.

वर्ग म्हटल्यावर ताईने विचारले, "म्हंजे जन्मावर असते का हे?" प्रश्न आम्हाला लागला. खेळात पात्र करताना वंशही निवडावा लागतो, आणि काही वर्ग काही वंशांनाच मिळतात, हे खरे आहे. अस्वलाचे रूप प्रत्येक वंशाला घेता येत नाही. पण लढवय्या कुणालाही होता येते. शिवाय कंपनी हे दरवाजे एकेक करून उघडते आहे. टँक नसलेल्या वर्गांपैकी मेज, प्रीस्ट आणि रोग हे २०२२ साली आणि वॉरलॉक २०२३ साली जवळजवळ सगळ्या वंशांना खुले झाले. आणि मुख्य म्हणजे, एक पात्र आवडले नाही तर दुसरे करता येते. ताई म्हणाली, "चांगलं हाय." एवढेच म्हणाली.

मग निवडायचे कसे? मुले इंटरनेटवर याद्या पाहतात, या महिन्यात कोणता टँक पहिल्या नंबरावर. आमच्या मते ही चुकीची वाट आहे. कंपनी दर थोड्या दिवसांनी आकडे कमी-जास्त करते. आज पहिला असलेला उद्या चौथा होतो, आणि नंबर पाहून घेतलेला वर्ग अंगवळणी पडेपर्यंत नंबर गेलेला असतो. नवशिक्याला तर त्या नंबराचा उपयोगच नाही. तो नंबर मुरलेल्या खेळाडूंच्या हिशेबाने दिलेला असतो.

त्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत. पहिला, माझा स्वभाव कसा? घाईच्या वेळी माझे लक्ष माझ्या हाताकडे असते की सोबत्यांकडे? ज्याला एका वेळी एकच काम नीट जमते त्याने वॉरिअर किंवा ड्रुइड घ्यावा. ज्याची नजर चहूकडे फिरते त्याने पॅलाडिन. ज्याला हिशेब चोख ठेवायची सवय आहे त्यानेच डेथ नाइट किंवा मंकच्या वाटेला जावे. दुसरा प्रश्न, मी थकलो तर काय? वॉरिअर, डेथ नाइट आणि डेमन हंटर यांना पुढे उभे राहणे सोडून मारणाऱ्यांत जाता येते, पण टोळीचा हीलर होता येत नाही. पॅलाडिन, ड्रुइड आणि मंक यांना तिन्ही कामे करता येतात. ज्याला अजून आपला कल कळलेला नाही त्याने या तिघांतला एक घेतला तर मेहनत वाया जात नाही.

आम्ही एवढे बोललो, पण ओसरीवरचे खरे भांडण अजून मिटले नव्हते. भाच्याचे म्हणणे असे की त्याने किंवा त्याच्या मित्राने टँक व्हावे आणि बहिणीने हीलर. कारण? "मुली हीलरच घेतात." भाची म्हणाली, "मला टँक व्हायचं आहे." हा म्हणाला, "अगं, शिव्या पडतात. तू रडशील." ती म्हणाली, "घरात मी सगळ्यांचं पाहते, तिथंही तेच करू का?"

वाचकहो, अशा वेळी मामाने काय करावे? आम्ही ताईकडे पाहिले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारले, "तो जो मार खाते, त्याले बरं कोन करते?"

"हीलर," भाचा म्हणाला.

"आन् त्याचं ध्यान नसलं तं?"

"मग टँक मरतो. कितीही चांगला असला तरी."

"मंग हिला पुढं उभी राहू दे, आन् तू तिच्याकडे ध्यान ठेव."

निकाल लागला. आम्हाला बोलायला काही उरले नाही. भाचीने ड्रुइड निवडला. अस्वल म्हटल्यावर तिला परके वाटले नाही. आपल्या जिल्ह्यात ज्ञानगंगेच्या अभयारण्यात अस्वले आहेतच. भाच्याने नाक मुरडत हीलर घेतला. बाकीचे तिघे मित्र मारणारे.

त्या रात्री, मोबाइलच्या इंटरनेटवर, पाचही जण एका खाणीत शिरले. आम्ही मागे खुर्ची टाकून बसलो. पहिल्याच वळणावर सगळे मेले. भाची घाईने पुढे गेली, तीन ठिकाणचे शत्रू एकदम अंगावर आले. दुसऱ्यांदा ती सावकाश गेली, पण भाचा शत्रूकडे पाहत बसला आणि बहिणीचे आयुष्य शून्यावर आले तेव्हा त्याला कळले. पलीकडून एक मित्र फोनवर म्हणाला, "टँकला येत नाही रे." आम्ही भाचीच्या तोंडाकडे पाहिले. ती रडली नाही. भाचाच बोलला, "टँकची चूक नाही. मी पाहत नव्हतो."

वाचकहो, हे एक वाक्य त्या मुलाने आयुष्यभर जपले तरी त्या खेळाचे पैसे फिटले असे आम्ही म्हणू.

तिसऱ्यांदा ती शत्रू एकेक करून ओढू लागली. कातडी जाड करायची कळ तिने आधीपासून दाबून ठेवली नाही. मोठा घाव येताना दिसला की मग दाबायची. भाचा आता राक्षसाकडे पाहतच नव्हता, फक्त पाच पट्ट्यांकडे, आणि त्यातही बहिणीच्या पट्टीकडे. पाऊण तासात खाण पार पडली. दोघे घामाघूम.

आम्हाला त्या रात्री जे कळले ते असे. पुढे उभे राहणे म्हणजे नुसते सोसणे नव्हे. नुसते सोसणारा टँक पहिल्या वळणावर मरतो. त्याला बचाव वेळेवर वापरता आला पाहिजे, मागे लक्ष ठेवणारा हवा, आणि पाळी बदलणाराही हवा. मोठ्या मोहिमांत, वीस जणांच्या टोळीत, साधारणपणे दोन टँक असतात. एकावर माराचा बोजा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की दुसरा राक्षसाला आपल्याकडे बोलावून घेतो आणि पहिला दम खातो. एकानेच शेवटपर्यंत झेलावे असे तिथे कुणी म्हणत नाही. म्हटले तर सगळी टोळी मरते. आपल्या घरांत मात्र एकाच माणसाने, बहुधा एकाच बाईने, वर्षानुवर्षे पुढे उभे राहावे आणि तिच्या पट्टीकडे कुणी पाहू नये, याला आपण सहनशीलता असे चांगले नाव दिले आहे.

जाता जाता पालकांना दोन गोष्टी सांगतो. मूल टोळीत खेळत असताना मधेच बटण बंद करू नका. मागे चार जण अडकलेले असतात आणि शब्द मोडल्याचा बोल तुमच्या मुलाला लागतो. "किती वेळ राहिला?" असे विचारा आणि तेवढा वेळ द्या. मात्र खेळ सुरू करण्याआधी वेळ ठरवून घ्या, आणि एक खाण झाली की उठायचे हेही ठरवा. मुलांना सांगतो, सुरुवात ओळखीच्यांबरोबर करा. अनोळखी माणूस शिव्या देऊ लागला तर त्याचे बोलणे बंद करायची सोय खेळात आहे, ती वापरा. आपले गाव, शाळा, फोन नंबर कुणाला देऊ नका. विशेषतः मुलींनी टँक घेतला म्हणून कुणी टोमणा मारला, तर ढाल पुढे करा आणि चालू लागा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गावात टँकर आला. ताईने सवयीने घागर कमरेला लावली. भाची अजून डोळे चोळत होती. ती भावाला म्हणाली, "दादा, पट्टी पाह्य आईची."

भाचा उठला. दोन्ही हंडे त्याने घेतले.